दोन लेन्स, एक वानेरा

मी जनावरांची डॉक्टर. नोकरीची बहुतेक वर्षं लातूर जिल्ह्यात गेली, त्यातही चाकूरला जास्त. फोटो काढणं हे काही माझं काम नव्हे, पण दवाखान्याच्या जीपमध्ये औषधांच्या पेटीशेजारी कॅमेऱ्याची पिशवी कायम असायची. रोलचा कॅमेरा. मोबाइल सगळ्यांच्या खिशात आले, माझ्याही पर्समध्ये आला, तरी जनावरांचे फोटो मी रोलवरच काढत राहिले. रोल महाग, फोटो मोजके, म्हणून जनावर शांत होईपर्यंत थांबावं लागतं. आपण थांबलो की थोड्या वेळानं ते आपल्याला विसरतं आणि जसं आहे तसं उभं राहतं. मला ते उभं राहणं आवडायचं.

चाकूरच्या दवाखान्यात यातले काही कृष्णधवल फोटो भिंतीला लावले होते. बाहेर बाकावर बसलेले शेतकरी ते बघत आणि आपसात वाद घालत, ही गाय अमक्याची, तो बैल तमक्याचा. त्या फोटोंमुळंच एक दिवस देवणी जनावरं पाळणाऱ्या शेतकऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष माझ्याकडं आले. मंडळ लातूरला देवणीचं प्रदर्शन भरवणार होतं. मैदानात जनावरं असणार होती, आणि मांडवात फोटो.

"मोबाइलवाले लई हायत," अध्यक्ष म्हणाले, "पण आम्हाला असे पाहिजेत. आणि दारातच एक मोठा. माणसापरीस मोठा. कुठलं जनावर घ्यायचं ते तुम्ही ठरवा."

मी हो म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी लेन्स उन्हात धरून बघितली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली. इतकी वर्षं जीपमध्ये, पावसाळ्यात, औषधांच्या ओलीत राहिली होती बिचारी. तिच्याकडून माणसापरीस मोठा फोटो निघणं कठीण दिसत होतं.

मी नांदेडला गेले. इतवाऱ्यात एक जुनं फोटोचं दुकान आहे. कॉलेजच्या दिवसांत मी तिथूनच हा कॅमेरा घेतला होता. दुकानाचे मालक आता बरेच थकलेत. मी त्यांना चाचा म्हणते. लग्नांचे फोटो, पासपोर्टचे फोटो, छपाई हे सगळं आता त्यांची सून बघते. मागच्या खोलीतली डार्करूम मात्र चाचांनी मोडू दिलेली नाही. अजूनही परभणी, हिंगोलीकडून कोणी जुना कॅमेरा घेऊन आलं तर ते चष्मा कपाळावर चढवून तो उघडून बसतात.

चाचांनी माझी लेन्स दोन्ही बाजूंनी बघितली.

"साफ होईल बेटा. बुरशी काढून देतो. पण हिचं कोटिंग जागोजाग उतरलंय. समोरून ऊन आलं की ही उजेड सांडते. जिथं नको तिथं उजेड."

मग त्यांनी कपाटातून दुसरी लेन्स काढली. त्याच मापाची, माझ्याच कॅमेऱ्याला बसणारी, पण बऱ्याच नंतरच्या काळातली. काच जांभळट हिरवी चमकत होती. आपली आपण फोकस करणारी.

"ही लाव. हिला उन्हाची भीती न्हाई. बाल बाल वेगळा दिसतो."

सून काउंटरच्या पलीकडं कॉम्प्युटरवर कुणाच्या तरी लग्नाचा अल्बम लावत बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "अब्बा, उजेड सांडते तेच तर लोक मागून राहिले आजकाल. हैदराबादहून फोन येतात, जुनी लेन्स हाय का म्हणून. आणि तुम्ही डॉक्टर मॅडमला नवी देऊन राहिले."

"त्यांना धुकं विकत घ्यायची हौस हाय," चाचा म्हणाले. "मी सारी जिंदगी त्या धुक्याशी भांडलो. नवरीच्या तोंडावर धुकं, दुल्ह्याच्या शेरवानीवर धुकं. लोक फोटो परत आणायचे. ही लेन्स त्या वेळी असती तर माझे अर्धे झगडे वाचले असते."

"पण मॅडमचे दवाखान्यातले फोटो जुन्याच लेन्सचे हायत ना? लोकांना तेच आवडले ना?"

"ते फोटो मॅडमनं काढले. लेन्सनं न्हाई."

मला हसू आलं. म्हातारा माणूस नव्याची बाजू घेत होता आणि तरणी सून जुन्याची. दोघंही आपापल्या जागी इतके ठाम होते की चहा आला, गार झाला, तरी वाद चालूच होता. शेवटी चाचांनी त्या दिवशी माझी लेन्स उघडली, दुपारपर्यंत स्वच्छ करून परत जोडली आणि दोन्ही लेन्स माझ्यापुढं ठेवल्या.

"दोन्ही घेऊन जा. काम करून बघ. जी नको वाटेल ती परत आण."

लातूरच्या बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसले तेव्हा माझं मन नव्या लेन्सकडंच झुकलं होतं. डॉक्टरला स्पष्ट दिसण्याचं मोल जास्त असतं.

पुढचे काही आठवडे सुट्टीच्या दिवशी मी गावोगाव फिरले. चाकूरच्या आसपास गायी, वासरं, बैलजोड्या. बहुतेक ठिकाणी मी नवीच लेन्स लावली आणि तिनं मला खूश केलं. वासरू एका जागी थांबत नाही; जुन्या लेन्सवर हातानं फोकस करेपर्यंत ते शेपूट वर करून पसार झालेलं असायचं. नवी लेन्स त्याच्या डोळ्यावर झटकन बसायची. गायीच्या कासेवरच्या शिरा, खुराच्या भेगा, वशिंडावरचा केस न् केस त्या फोटोंत आला. मी मनातल्या मनात चाचांचं म्हणणं मान्य करून टाकलं होतं.

दारातल्या मोठ्या फोटोसाठी कुठलं जनावर घ्यायचं हे मात्र मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं.

देवणी तालुक्यातल्या एका गावात एका बाईंकडं एक वळू होता. देवणीमध्ये रंगावरून तीन प्रकार मानतात. अंगभर पांढरा तो बाळंक्या, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला शेवरा, आणि पांढरं अंग पण तोंड काळं तो वानेरा. हा वानेरा होता. मी आयुष्यात हजारो जनावरं तपासली असतील, पण इतका नीट बांध्याचा वळू क्वचितच बघितला. रुंद छाती, लोंबते कान, पाय खांबासारखे. स्वभाव तर असा की बाई त्याच्या पोटाखालून वाकून शेण काढायच्या.

या बाईंचे मालक साखर कारखान्यावर कामाला होते, हंगामात घरी नसायचे. शेत आणि गोठा त्याच बघत. वासरू असताना हा खोंड त्यांनी हिमायतनगरकडच्या एका पाहुण्यांकडून स्वतः पसंत करून आणला होता, सासऱ्यांना न विचारता. सासरे पुढं कित्येक दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. कारण खोंडाच्या कपाळावर दोन भोवरे होते.

ज्यांना जनावरांची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. केस जिथं गोल फिरतात त्याला भोवरा म्हणतात. कपाळाच्या मधोमध एक भोवरा असला की शुभ. शेजारी शेजारी दोन असले तर आमच्या भागात काही लोक त्याला खोड मानतात. असं जनावर घरात नको, आणि त्याची पैदास तर मुळीच नको. शास्त्रात याला काही आधार नाही. मी गावातल्या लोकांना हे पुष्कळदा सांगितलं, त्यांनी मान हलवली, आणि गायी दुसरीकडं नेल्या.

मंडळाच्या नोंदणीतही वळू बसत नव्हता. त्याची आई मुळात कुणाच्या दावणीची, बाप कोण, कुणालाच सांगता येत नव्हतं. पाहुण्यांनी गाय जत्रेतून आणली होती, एवढंच. जातिवंत आहे हे मला डोळ्यांना दिसत होतं, पण माझ्या डोळ्यांवर नोंदणी होत नाही.

"डॉक्टरीणबाई, गाडीत घालून विकून टाक म्हणतेत सगळे," त्या बाई मला एकदा म्हणाल्या होत्या. "मी न्हाई इकणार. पण त्याला एकदा तरी कोणी चांगलं म्हणावं वो."

फोटो काढायला गेले तेव्हा उन्हाळा होता. वळू त्याच्या कडुनिंबाखाली बांधलेला. मी त्याला दुसऱ्या बाजूला आणायला सांगितलं, पण जागा बदलली की तो मान फिरवायचा, दाव्याला ओढ द्यायचा. स्वतःच्या जागी मात्र पुतळ्यासारखा. त्याच्या मागं नांगरलेलं रान उन्हात पांढरं फटक पडलं होतं. म्हणजे ऊन समोरून, माझ्या लेन्सच्या तोंडावर.

मी कॅमेरा तिकाटण्यावर लावत होते तेव्हा बाई जवळ आल्या.

"डॉक्टरीणबाई, एक मागू का?"

"बोला की."

"त्याचे भोवरे दिसू देऊ नका. लातूरला लोक येतेत, बघतेत, मग तिथंबी तेच बोलतेत. त्याचं अंग दिसू द्या, छाती दिसू द्या. कपाळ नको."

मी म्हणाले, बघते. खोटं आश्वासन द्यायचं नव्हतं, पण त्यांचं तोंड बघून नाहीही म्हणवेना.

आधी नवी लेन्स लावून काही फोटो घेतले. मग काय वाटलं कुणास ठाऊक, जुनी लावली आणि तेवढेच पुन्हा घेतले. तीच जागा, तोच कोन. वळूनं मधे एकदा डोळे मिटले, एकदा जिभेनं नाकपुडी चाटली, आणि बाकी वेळ माझ्याकडं बघत उभा राहिला.

रोल मी घरीच धुते, लातूरला, न्हाणीघरात. आमच्याकडं उन्हाळ्यात नळाचं पाणी एक तर येत नाही, आणि आलं तर कढत येतं. रोल धुवायच्या रसायनाला गार पाणी लागतं. मी माठातलं पाणी घेते. घरच्यांना सवय झाली आहे. माठ रिकामा दिसला की ते समजतात, आज रोल धुतला.

दोरीवर वाळत घातलेली निगेटिव्ह उजेडासमोर धरली तेव्हाच फरक दिसला, पण खात्री करायला नांदेड गाठलं. चाचांनी डार्करूम उघडली. लाल दिव्याखाली दोन कागद शेजारी शेजारी ट्रेमध्ये सोडले आणि आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. सूनही अल्बम सोडून आत आली होती.

नव्या लेन्सचा फोटो आधी वर आला. बघताक्षणी छाप पाडणारा. पांढऱ्याशुभ्र अंगावर कोळशासारखं काळं तोंड, शिंगांची कड सुरीसारखी. कपाळ, नाक, गाल सगळं एका काळ्या मुखवट्यात गेलेलं. भोवरे शोधूनही सापडले नसते.

जुन्या लेन्सचा फोटो हळूहळू उमटला. त्यात मागच्या उन्हाचा थोडा उजेड लेन्सच्या आत सांडला होता आणि सांडून काळ्या तोंडावर पसरला होता. काळं तोंड काळंच होतं, पण आता त्याला कपाळ होतं, डोळ्यांच्या खोबणी होत्या, पापणीची ओली कड होती. आणि कपाळावर, मधोमध, शेजारी शेजारी दोन भोवरे. दोन लहान पोरांनी एकमेकांना खांदा टेकवावा तसे.

"नव्या लेन्सला जास्त उजेड दिला असता तर?" सुनेनं विचारलं.

"एक तसाही काढलाय," मी म्हणाले. चाचांनी तोही छापला. तोंड थोडं उघडलं, पण पाठ आणि वशिंड मागच्या उन्हात विरघळून गेलं. वळूला जणू पाठच नव्हती.

चाचांनी भिंग डोळ्याला लावून तिन्ही फोटो पुन्हा बघितले.

"नव्या लेन्सनं ह्याची सावली काढली," ते म्हणाले. "तोंड जुनीनं काढलं. हा एक डाव तुझा." शेवटचं वाक्य सुनेला होतं. ती पदर सारखा करून हसली.

"बाकीचे सगळे नवीचे घेतेय चाचा," मी म्हणाले. "वासरं, जोड्या, सगळे."

"मग ठीक हाय."

माझ्यापुरती निवड झाली होती. पण हा फोटो लावायचा तर त्या बाईंना न विचारता लावणं बरोबर नव्हतं. मी दोन्ही फोटो घेऊन देवणीला गेले.

बाई गोठ्यात कडबा टाकत होत्या. हात धुऊन, पदराला पुसून त्यांनी फोटो घेतले. सासरेही ओट्यावरून उठून आले. सासऱ्यांनी नव्या लेन्सचा फोटो उचलला.

"हा बेस्ट हाय. कसा वाघावानी दिसायलाय. कपाळबी दिसंना. हाच द्या."

मी बाईंना सांगितलं, "तुम्ही म्हणाल तो लावते. दुसऱ्यात भोवरे दिसतात, ते तुम्हाला दिसतंयच. तुम्हाला नको असेल तर माझं काही म्हणणं नाही."

त्यांनी दुसरा फोटो हातात धरला आणि वळूकडं बघितलं. मग पुन्हा फोटोकडं. वळू कडबा खात होता, कुटूकुटू आवाज येत होता. त्यांनी अंगठ्यानं फोटोतल्या कपाळावरून अलगद हात फिरवला, जसा त्या रोज खऱ्या कपाळावरून फिरवत असतील.

"मामंजी, तुमच्या हातातला कुणाचाबी वळू असंल," त्या म्हणाल्या. "हा माझा हाय. मी ह्याला वासरू असताना हेच तोंड बघून आणलं. आता लपवायचं काहून? डॉक्टरीणबाई, हाच लावा. मोठा लावा."

सासरे परत ओट्यावर जाऊन बसले.

निगेटिव्ह हैदराबादला पाठवून फोटो मोठा करून आणला. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मांडवाच्या दारात फोटो उभा केला तेव्हा सुतारसुद्धा हातोडी खाली ठेवून बघत राहिला. वळूचं तोंड माझ्या डोक्याच्या वर होतं. अध्यक्ष आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"बाई, फोटो लई भारी हाय. पण हे दोन भोवरे दिसायलेत की. दारातच. लोक नावं ठेवतेत. दुसरा न्हाई का?"

"आहे. पण लागणार हाच," मी म्हणाले. "जनावर कुठलं ते मी ठरवायचं, असं तुम्हीच म्हणाला होतात."

ते थोडे घुटमळले. मग म्हणाले, "बरं. पण काही झालं तर बोल तुम्ही ऐकायचा."

"ऐकते की."

सकाळी मैदान भरलं. उदगीर, निलंगा, देगलूर, अहमदपूर, कुठून कुठून टेम्पोत जनावरं आली. बाई स्वतः वळूला घेऊन आल्या होत्या. त्याच्या शिंगांना तेल लावलेलं, गळ्यात घुंगरमाळ. सासरेही आले होते, फेटा बांधून, पण वळूपासून जरा लांब उभे.

फोटोपुढं गर्दी झाली आणि अध्यक्षांना जी भीती होती तेच सुरू झालं. "जनावर झकास हाय, पण खोडीचं हाय." "दारात असं कामून लावलं?" मी बाजूला खुर्चीत बसून ऐकत होते. बाईही ऐकत होत्या. त्यांनी दावं हाताभोवती आणखी एक वेढा घेतला आणि मान वरच ठेवली. मला त्यांच्याकडं बघायचा धीर होईना.

मग गर्दीतून एक आप्पा पुढं आले. उदगीरकडचे. देवणीची पैदास त्यांच्या घरात आजोबांपासून चाललेली, आणि मंडळातली मोठी माणसंसुद्धा त्यांना वाट करून देत. हातात काठी, डोळ्यावर जाड चष्मा. ते फोटोच्या अगदी जवळ गेले, इतके की नाक टेकेल. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला.

"हौदु, हौदु," ते कानडीत स्वतःशीच पुटपुटले, हो, हो. मग मोठ्यानं विचारलं, "हे जनावर कुणाचं हाय?"

सगळ्यांना वाटलं, आता आप्पा रागावणार. बाईच पुढं झाल्या. "माझं हाय आप्पा."

"कुठून आणलं?"

"हिमायतनगरकडून. पाव्हण्याकडून. वासरू होता तवा."

"पाव्हण्यानं ह्याची माय कुठून आणली होती?"

"माळेगावच्या जत्रेतून म्हणत होते."

आप्पांनी काठी जमिनीवर टेकवली. "मीच इकली ती. नातीचं लग्न होतं त्या साली. लई जिवावर आलं होतं. गाभण होती माझ्याच वळूची. माझ्या दावणीला दोन भोवऱ्याच्या गायी माझ्या बापापासून हायत. वानेऱ्याच्या काळ्या तोंडावर असे जोडीचे भोवरे मी माझ्या घराबाहेर कुठं बघितले न्हाईत." मग ते मागं वळून गर्दीकडं बघत म्हणाले, "आणि खोड कोण म्हणतंय? त्या गायींच्या दुधावर माझं घर उभं राहिलं. चला, वळू दाखवा."

गर्दी त्यांच्या मागं निघाली. आप्पा वळूपुढं उभे राहिले आणि तळहात त्याच्या कपाळावर ठेवला. वळूनं मान खाली घातली. आप्पांनी त्याच्या लोंबत्या कानाची पाळी चिमटीत धरून बघितली, पाठीवरून शेपटापर्यंत हात फिरवला, मागं जाऊन पाय बघितले, आणि परत पुढं आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"माझी पैदास जपलीस पोरी," एवढंच ते म्हणाले.

तेव्हा सासरे पुढं आले. सुनेच्या हातातलं दावं त्यांनी घेतलं नाही. फक्त सगळ्यांच्या देखत तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. आजूबाजूच्या माणसांना सांगू लागले, "आमच्या सूनबाईनं निवडला होता. पयल्या दिसापासून."

अध्यक्ष माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बाई, बोल ऐकायची पाळी आमच्यावर आली." आणि मोकळेपणानं हसले.

माझ्या डोळ्यांवर जशी नोंदणी होत नाही, तशी नुसत्या सांगण्यावरही होत नाही. पण आता कुठं शोधायचं ते कळलं होतं. पुढच्याच आठवड्यात मी हिमायतनगरला गेले. ती गाय अजून होती. म्हातारी, दात झिजलेले, पण गोठ्यात मानानं ठेवलेली. मी तिचं रक्त काढताना घरातली माणसं तिला धरायला आली, पण धरायची गरज पडली नाही. तिच्या काळ्या कपाळावर शेजारी शेजारी दोन भोवरे होते. मी सुई बाजूला ठेवून आधी ते बघून घेतले. मग उदगीरला जाऊन आप्पांच्या त्या जुन्या वळूचंही रक्त घेतलं.

नमुने तपासणीला गेले. अहवाल आला त्या दिवशी मी दवाखान्यात होते, दारात म्हशींची रांग होती. वाचला आणि पुन्हा वाचला. आई तीच, बाप तोच. वळू मंडळाच्या नोंदणीत गेला, पैदाशीसाठी मंजूर झाला.

मी देवणीला फोन केला. पलीकडं गोठ्यातली घंटा ऐकू येत होती. बाई म्हणाल्या, "मामंजींना तुम्हीच सांगा," आणि फोन त्यांच्याकडं दिला. मी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं शब्दन् शब्द दुसऱ्यांदा वदवून घेतला.

नांदेडला बातमी कळवली तेव्हा चाचा म्हणाले, नवी लेन्स परत आणायची नाही, जुनीही आणायची नाही, दोन्ही तुझ्या. सून मागून ओरडून म्हणाली की दुकानात त्या वळूचा फोटो लावायचा आहे, निगेटिव्ह पाठवा.

नंतर काही दिवसांनी मी लसीकरणासाठी त्या भागात गेले होते. काम संपल्यावर जीप गावाकडं वळवली. शेताच्या रस्त्यावर लांबूनच गायी दिसल्या. बांधाच्या कडेनं, बाभळीखाली, कडुनिंबाखाली, जागा मिळेल तिथं बांधलेल्या. ज्या गावानं आपल्या गायी दुसरीकडं नेल्या होत्या त्याही गावच्या होत्या, आणि पार निलंग्याकडूनही लोक आले होते. सासरे ओट्यावर बसून आलेल्यांना चहा विचारत होते. बाई मधोमध उभ्या राहून हातवारे करत सांगत होत्या, "घाई करू नका. वळूला दम घेऊ द्या. आज दोनच. बाकीच्यांनी परवा या, आणि पाणी पाजून आणा गायीला, तहानलेली आणायची न्हाई."

मला बघून त्या म्हणाल्या, "बसा डॉक्टरीणबाई, जेवूनच जायचं," आणि पुन्हा गर्दीकडं वळल्या.